बाहेर पाणी, आत आग

लोखंडी तवा घासून लख्ख केला आणि ओलाच उपडा घातला, तर सकाळी त्याच्यावर तांबूस डाग दिसतात. तोच तवा वर्षानुवर्षे तेल पिऊन काळा झालेला असेल, तर भर श्रावणातही सहसा गंजत नाही. लोखंड तेच, पाणी तेच, हवाही तीच. फरक पडतो तो केसाहून कितीतरी पातळ अशा वरच्या थराने. रायफलच्या नळीवर गेल्या दोन-सव्वादोनशे वर्षांत जे जे उपचार झाले, त्यांतल्या निम्म्यांचे मर्म या तव्यात सापडते. उरलेल्या निम्म्यांसाठी तव्याचा उपयोग नाही. चुलीवरची आग तव्याला मानवते. नळीच्या आतली आग पोलादाला खाते.

नळीला दोन अंगे असतात. बाहेरच्या अंगाला पाऊस, दव, खारी हवा आणि हाताचा घाम लागतो. घामात मीठ असते, म्हणून उघड्या पोलादावर बोटांचे ठसे गंजाच्या रूपाने उमटतात. आतल्या अंगाचे दुखणे वेगळे. आजच्या 5.56 मिमीच्या रायफलचा चाप ओढला की दारू पेटते आणि नळीत वायूचा दाब बाहेरच्या हवेच्या सुमारे चार हजार पट चढतो. त्या वायूचे तापमान अडीच हजार अंश सेल्सियसच्या आसपास जाते. पोलाद पंधराशेच्या आतबाहेर वितळते. तरी नळी वितळत नाही, कारण आगीला वेळच मिळत नाही. गोळी सेकंदाच्या साधारण हजाराव्या भागात बाहेर पडते आणि तेवढ्यात खरी उष्णता पोलादाच्या वरच्या पापुद्र्यापुरतीच पोचते. पण तो पापुद्रा दर गोळीला तापतो, फुगू पाहतो, निवतो, आकसतो. हजारो वेळा हे झाले की वैशाखातल्या काळ्या रानासारख्या बारीक भेगा त्याला पडतात. पुढच्या गोळीचा वायू त्या भेगांत शिरतो आणि त्यांच्या कडा उडवून नेतो. सगळ्यांत आधी झिजतो तो काडतुसाच्या कोठीला लागून असलेला भाग, नळीचा घसा. तो झिजला की गोळी नळीच्या आत कोरलेल्या पेचांत सरळ बसत नाही आणि नेम सुटायला लागतो.

‘नळीसाठी सगळ्यांत चांगला लेप कोणता?’ असे कोणी विचारले की तो प्रश्न मला अर्धाच वाटतो. कोणत्या अंगासाठी, हे आधी ठरायला हवे. पाण्यापासून वाचवणारा थर आगीत टिकेलच असे नाही, आणि आगीत टिकणारा थर नळीच्या बाहेर चढवणे बहुतेक वेळा वायफळ खर्च ठरतो.

आधी बाहेरचे अंग पाहू, कारण माणसाने आधी तेच पाहिले.

अठराव्या शतकात ब्रिटिश पायदळाच्या बंदुकांच्या नळ्या चांदीसारख्या चकचकीत ठेवत. अमेरिकेत तर ही रीत 1861 च्या स्प्रिंगफील्ड बंदुकीपर्यंत चालू होती. संचलनात अशी पलटण उठून दिसे, पण ही चमक फुकट नव्हती. उघडे पोलाद रोज थोडे गंजते, म्हणून सैनिक रोज विटेची भुकटी किंवा कुरुंदाची पूड घेऊन ते घासत बसे. घासण्याने गंजाबरोबर पोलादही जाते. वर्षानुवर्षे असे घासल्यावर नळीची भिंत पातळ होई. गंजाने जितके खाल्ले नसते तितके शिस्तीने खाल्ले.

यावर उत्तर शोधले गेले ते गंजातूनच, आणि मला ते फार आवडते. 1800 च्या सुमारास ब्रिटिश सैन्यात आलेल्या बेकर रायफलची नळी तपकिरी असे. ती रंगवलेली नव्हती, मुद्दाम गंजवलेली होती. नळी अगदी स्वच्छ करायची, तिच्यावर सौम्य आम्ल आणि क्षार यांचे मिश्रण पुसायचे आणि दमट जागी ठेवून द्यायची. वर तांबूस लव येते. ती तारेच्या ब्रशाने अलगद झाडायची, पुन्हा मिश्रण, पुन्हा गंज, पुन्हा झाडणे. सैल गंज निघून जातो आणि पोलादाला घट्ट धरून असलेला तेवढा राहतो. असे अनेक हात दिले की अंगावर दाट तपकिरी कातडी बनते. लोखंडाच्या आणि पोलादाच्या पट्ट्या पिळून, सळईभोवती गुंडाळून, भट्टीत एकजीव केलेल्या जुन्या नळ्यांना हा उपचार विशेष शोभे. लोखंड आणि पोलाद सारखे गंजत नाहीत, त्यामुळे नळीतले जौहर, म्हणजे धातूतली नक्षी, गंजानेच उघडी पडे.

यात पुढे एका साध्या गोष्टीची भर पडली: उकळते पाणी. गंजाची लव आलेली नळी झाडण्याआधी उकळत्या पाण्यात बुडवली तर तांबडा गंज काळा होतो. रसायनशास्त्राच्या भाषेत लोखंडाचे तांबडे ऑक्साइड बदलून मॅग्नेटाइट बनते, म्हणजे निसर्गातल्या लोहचुंबकी दगडाचेच द्रव्य. तांबडा गंज फुगीर आणि सच्छिद्र असतो. तो पोलादापासून सुटतो आणि खालच्या ताज्या लोखंडापर्यंत पाण्याला वाट करून देतो. मॅग्नेटाइट पोलादाला चिकटून राहते. काळ्या थरावर उजेड पडला की निळसर झाक येते, म्हणून या उपचाराला ब्ल्यूइंग हे नाव पडले. चांगल्या कारागिराच्या हातची अशी नळी पाहिली की ती निळी आहे की काळी, हे ठरवता येत नाही. तेल लावलेल्या जांभळासारखा तिचा रंग असतो.

कारखान्यांना इतका वेळ परवडत नव्हता. विसाव्या शतकात दाहक सोडा आणि नायट्रेट यांच्या उकळत्या, दाट द्रावणात नळी बुडवून तासाभरात तोच काळा थर आणण्याची पद्धत रूढ झाली. द्रावण साध्या पाण्यासारखे शंभर अंशांना उकळत नाही; ते एकशेचाळीसच्या आसपास जाते आणि त्या उष्णतेत पोलादाचा वरचा थर मॅग्नेटाइट होतो. स्वस्त, झटपट, एकसारखे. पण दुनळीला हा उपचार चालत नाही. जुन्या दुनळी बंदुकांत दोन नळ्या आणि त्यांमधली पट्टी कथील-शिशाच्या डाकाने जोडलेली असते, आणि गरम दाहक सोडा तो डाकच खातो. दुकानातून काळीभोर होऊन आलेली दुनळी काही दिवसांनी सांध्यातून सुटते. तिच्यासाठी आजही जुनी, गंजवण्या-उकळण्याची सावकाश पद्धतच वापरावी लागते.

आणि हे सगळे करून थर किती जाडीचा? एक-दोन मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचा हजारावा-पाचशेवा भाग. एकट्याने तो पाऊस अडवत नाही. त्याचे खरे काम तेल धरून ठेवण्याचे. काळी नळी तेल पुसून ओल्या खोळीत ठेवली तर चार दिवसांत ती तांबूस झालेली दिसेल. इथे आपला तवा आठवावा: काळेपणाने अर्धे काम केले, अर्धे तेलाने.

तेल धरण्याचे हे काम जास्त चांगले करणारा उपचार आला फॉस्फेटचा. ब्रिटनमध्ये टॉमस कॉस्लेट यांनी 1906 मध्ये त्याचे पेटंट घेतले. पुढे पार्करांनी ही पद्धत अमेरिकेत नेली आणि 1915 मध्ये डेट्रॉइटला त्यासाठी कंपनी काढली. ‘पार्करायझिंग’ हे नाव त्यांच्याच आडनावावरून पडले. फॉस्फरिक आम्लाच्या गरम द्रावणात जस्ताचे किंवा मँगनीजचे फॉस्फेट मिसळून त्यात पोलाद ठेवले की आम्ल आधी पोलादाला किंचित खाते आणि त्या खाण्यातूनच पृष्ठभागावर फॉस्फेटचे बारीक स्फटिक उगवतात. रंग राखाडी, झाक नाही, हात फिरवला तर कौलासारखा खरखरीत. स्फटिकांमधल्या फटी तेल शोषतात आणि महिनोन्‌महिने धरून ठेवतात. 1918 मध्ये स्प्रिंगफील्ड रायफलींवर हा उपचार होऊ लागला आणि दुसऱ्या महायुद्धातली गॅरंड रायफल तर याच राखाडी अंगाने जगभर फिरली. चमक नसणे हा सैनिकाला आणखी एक फायदा. उन्हात नळी लकाकली तर शत्रूला जागा कळते.

दिल्लीचा लोहस्तंभ या घराण्यातला दूरचा नातलग म्हणावा लागेल. त्या लोखंडात फॉस्फरसचे प्रमाण आजच्या पोलादाच्या मानाने बरेच आहे. कानपूरच्या आय.आय.टी.तले धातुशास्त्रज्ञ आर. बालसुब्रमण्यम यांनी दाखवून दिले की स्तंभाच्या अंगावर लोखंडाच्या फॉस्फेटचा पातळ थर तयार झालेला आहे आणि सोळाशे वर्षे तो टिकून राहण्यात त्या थराचा मोठा वाटा आहे. तिथे तो आपोआप, उन्हा-पावसात, शतकानुशतके बनत गेला. डेट्रॉइटच्या हौदात अर्ध्या तासात तशाच जातीचा थर उगवतो.

निव्वळ पाणी अडवण्यापुरते बोलायचे तर माझा कौल फॉस्फेट आणि तेल यांना. ब्ल्यूइंग दिसायला देखणे आहे आणि कपाटात राहणाऱ्या, मायेने पुसल्या जाणाऱ्या बंदुकीला ते पुरते. अलीकडे सिरॅमिक मिसळलेले पॉलिमर रंग आले आहेत, सेराकोट त्यांतले सर्वांत माहितीचे. ते तेलाशिवायही ओल अडवतात, मात्र ओरखडा पोलादापर्यंत गेला की तिथून गंज सुरू होतो. स्टेनलेस पोलादाची नळी घेतली तर त्यातले बारा-चौदा टक्के क्रोमियम स्वतःच आपले कवच बनवते. नेमबाजीच्या स्पर्धांत अशा नळ्या खूप दिसतात. सैन्यात त्या फारशा रुळल्या नाहीत.

आता आत शिरू. इथे गोष्ट जास्त गंभीर होते.

फ्रेडरिक एबल आणि जेम्स ड्यूअर यांनी 1889 मध्ये कॉर्डाइट ही धूर न करणारी दारू तयार केली. पहिल्या कॉर्डाइटमध्ये 58 टक्के नायट्रोग्लिसरीन, 37 टक्के गनकॉटन आणि 5 टक्के खनिज जेली होती, म्हणजे आपले व्हॅसलीन. व्हॅसलीन घातले ते नळीच्या आत वंगण मिळावे, झीज कमी व्हावी म्हणून. प्रत्यक्षात ते दारूबरोबर जळून जाई आणि वंगणाचे काम होत नसे. त्याचा उपयोग भलताच निघाला: दारू साठवणीत आपोआप कुजू नये म्हणून ते स्थैर्य देते, असे नंतर कळले. नळीच्या रक्षणाचा तो कदाचित सर्वांत भाबडा प्रयत्न असेल, पण विचार योग्य होता. आतली आग ही खरी अडचण आहे, हे त्यांच्या ध्यानात आले होते.

कॉर्डाइट इतकी तापट होती की ब्रिटिश सैन्याच्या ली-मेटफर्ड रायफलीचे उथळ, गोलसर पेच बघता बघता पुसट होऊ लागले. 1895 मध्ये त्याच रायफलीला खोल, काटकोनी पाच पेच दिले आणि तिचे नाव ली-एनफील्ड झाले. आपल्याकडे ‘थ्री नॉट थ्री’ म्हणून घरोघर माहीत झालेल्या रायफलीच्या नावातच अशी झिजलेल्या नळीची आठवण आहे. बोअर युद्धानंतर दारूच बदलली. नायट्रोग्लिसरीन 58 वरून 30 टक्क्यांवर आणले आणि ज्वाला थोडी थंड केली. नळीवर लेप चढवता येत नव्हता, म्हणून आगीलाच लगाम घातला.

पण आगीपेक्षा चोरटा शत्रू काडतुसाच्या बुडाशी बसलेला होता. दारू पेटवणाऱ्या छोट्या टोपीत, प्रायमरमध्ये, पोटॅशियम क्लोरेट असे. ते जळले की उरते पोटॅशियम क्लोराइड, स्वयंपाकघरातल्या मिठाचे सख्खे भावंड. गोळी झाडल्यावर या मिठाची अदृश्य पूड नळीच्या भिंतीवर बसते आणि पावसाळ्यातल्या मिठाच्या बरणीसारखी हवेतली ओल ओढून घेते. सकाळपर्यंत नळीत गंज, आणि गंजाखाली खड्डे. तेल लावून हा प्रश्न सुटत नाही, कारण मीठ तेलात विरघळत नाही. त्याला पाणीच हवे. म्हणून .303 बाळगणाऱ्या फौजांत गोळीबारानंतर नळीतून कडकडीत पाणी ओतण्याची शिस्त होती. गंजाच्या भीतीने पाण्यापासून जपायचे आणि गंज टाळण्यासाठीच आत पाणी ओतायचे, हे नव्या रंगरूटाला पटवणे सोपे नसावे. पाणी उकळते असले की दोन कामे होतात: मीठ जाते आणि तापलेले पोलाद आपले आपण सुकते. मग पुलथ्रूच्या दोरीला चार इंच बाय दोन इंचांची चिंदी अडकवून नळी कोरडी ओढायची आणि शेवटी तेलाची चिंदी. एनसीसीत रायफल हातात घेतलेल्यांना ‘पुलथ्रू’ आणि ‘चिंदी’ हे शब्द अजून आठवत असतील. आपल्या खडकीच्या कारखान्यात 1869 पासून दारूगोळा बनतो आणि ‘के.एफ.’ ही अक्षरे बुडावर असलेली तिथली .303 काडतुसे जगभर गेली. त्या काळच्या काडतुसांनी किती नळ्या मिठाने खाल्ल्या आणि किती उकळत्या पाण्याने वाचवल्या, याचा हिशेब कोणी ठेवलेला नाही.

माणूस रोज न चुकता पाणी उकळेल यावर विसंबून युद्धे लढता येत नाहीत. नळीचे आतले अंगच असे करावे की मीठ आणि आग दोघांनाही ते दाद देणार नाही, हा पुढचा टप्पा. तिथे क्रोमियम आले.

क्रोमियम 1907 अंशांना वितळते, म्हणजे पोलादापेक्षा कितीतरी वर. ते अतिशय कठीण असते, गंजत नाही आणि पितळेला चिकटत नाही. विजेच्या साहाय्याने त्याचा मुलामा चढवण्याची पद्धत 1920 च्या दशकात व्यवहारात आली. जपानने 1939 च्या आरिसाका रायफलीच्या नळीत आतून क्रोम दिले. सोव्हिएत रशियाने तर हा उपचार जवळजवळ धर्मासारखा पाळला. आधी सबमशीनगनमध्ये, नंतर कलाश्निकोव्हमध्ये. कलाश्निकोव्ह चिखलात, पाण्यात, अर्धशिक्षित हातांत का चालते याची कारणे सांगताना लोक तिच्या सैल जोडणीबद्दल बोलतात. तिच्या नळीतल्या आणि कोठीतल्या क्रोमबद्दल फार कमी बोलले जाते. सोव्हिएत काडतुसांचे प्रायमर कितीतरी वर्षे मीठ सोडणारेच होते. क्रोम नसते तर त्या रायफलीची कीर्ती वेगळी झाली असती, असे माझे मत आहे.

नळीच्या आत मुलामा चढवणे नाजूक काम असते. नळी क्रोमिक आम्लाच्या द्रावणात ठेवतात, तिच्या पोकळीत अगदी मध्यावर एक सळई ताणून धरतात आणि वीज सोडतात. सळई केसभर जरी एका बाजूला गेली तरी त्या बाजूला थर जाड होतो. शिवाय वीज टोकांना आणि कडांना ओढली जाते, म्हणून पेचांच्या कंगोऱ्यांवर क्रोम जास्त बसते आणि खाचांत कमी. थराची जागा सोडायची म्हणून नळी आधीच थोडी मोठी कोरावी लागते. या बारीक असमानतेमुळे स्पर्धेतले नेमबाज क्रोमच्या नळ्यांपासून दूर राहतात. आणखी एक दोष असा की क्रोमच्या थरात जन्मतःच सूक्ष्म भेगा असतात. सतत मारा झाला की वायू त्यांतून खालच्या पोलादापर्यंत पोचतो, तिथे पोखरतो आणि एक दिवस क्रोमचा कपचा उडतो. मशीनगनसाठी म्हणून आणखी वेगळी वाट काढली: नळीच्या सुरुवातीच्या काही इंचांत स्टेलाइट या कोबाल्ट-क्रोमियमच्या मिश्रधातूचे अस्तर बसवायचे. एम-60 मशीनगनच्या नळीत ते होते.

आता व्हिएतनाम. नळीच्या उपचारावर लिहिताना ही हकिकत ओलांडून पुढे जाता येत नाही.

अमेरिकेच्या एम-14 रायफलीच्या नळीला आतून क्रोम होते. तिच्या जागी यूजीन स्टोनर यांच्या आराखड्याची हलकी, 5.56 मिमीची एम-16 घेण्याचे ठरले. मूळ आराखड्यात क्रोम नव्हते. इतक्या अरुंद नळीत एकसारखा मुलामा देण्याचे तंत्र तेव्हा पक्के बसलेले नव्हते आणि खरेदीची घाई होती. क्रोम राहून गेले. त्याच सुमारास काडतुसातली दारूही बदलली. नवी दारू रायफलीत जास्त काजळी आणि गाळ सोडी आणि रायफल ठरल्यापेक्षा जास्त वेगाने चाले. या रायफलीला फारशी सफाई लागत नाही असा समज पसरला होता आणि कित्येक तुकड्यांना सफाईचे साहित्यच पोचले नव्हते. हे सगळे एकत्र आले ते जगातल्या सर्वांत दमट जंगलांपैकी एका जंगलात.

काडतुसाच्या कोठीत गंज आला, त्याखाली खड्डे पडले. गोळी सुटताना पितळी पुंगळी दाबाने फुगते आणि कोठीच्या भिंतीला घट्ट बसते. एरवी ती लगेच आकसून सुटते. पण भिंतीला खड्डे असले की फुगलेले पितळ त्यांत रुतते. मग मागचा आकडा पुंगळी ओढताना तिची कडाच फाडून टाकतो आणि रिकामी पुंगळी कोठीत तशीच राहते. ती काढायला नळीच्या तोंडातून सळई घालून मागे ठोकावी लागते. समोर शत्रू, हातात अडलेली रायफल आणि सळई कुणाकडे तरी एकाकडेच. 1967 च्या वसंतात खे सान्हजवळच्या टेकड्यांवर लढलेल्या एका मरीन सैनिकाने घरी लिहिलेले पत्र वृत्तपत्रात छापले गेले. मेलेल्या साथीदारांशेजारी त्यांच्या उघडून ठेवलेल्या रायफली पडल्या होत्या, असे त्यात होते. त्या दुरुस्त करता करता ते मारले गेले. अमेरिकन काँग्रेसमध्ये मिसूरीचे प्रतिनिधी रिचर्ड इकॉर्ड यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती बसली आणि ऑक्टोबर 1967 मध्ये तिने लष्कराच्या कारभारावर कडक ठपका ठेवला. त्याच वर्षी कोठीला क्रोम देणे सुरू झाले आणि पुढे काही वर्षांत सबंध नळीला. 1968 मध्ये सैनिकांना रायफल कशी जपावी हे शिकवणारी चित्रमय पुस्तिका निघाली. तिची चित्रे विल आइस्नर यांनी काढली होती, अमेरिकेतल्या नामांकित कॉमिक्स-चित्रकारांनी.

दोष एकट्या क्रोमच्या अभावाचा नव्हता. दारू, सफाई, शिकवण, सगळ्यांचा होता. तरीही मला राहून राहून वाटते की केसाच्या निम्म्या-अर्ध्या जाडीचा तो थर कोठीत असता, तर बाकीच्या चुका त्या मुलांच्या जिवावर बेतल्या नसत्या. कागदावर ‘वगळला तरी चालेल’ असे वाटणारे काम आणि त्याची किंमत मोजणारा माणूस यांच्यात हजारो मैलांचे अंतर असते.

भारताने हा धडा घेतला. पुण्यात पाषाणला असलेल्या शस्त्रास्त्र संशोधन आणि विकास आस्थापनेत, म्हणजे ए.आर.डी.ई.मध्ये, इन्सास रायफलीचा आराखडा झाला. ती 5.56 मिमीचीच, आणि तिच्या नळीला आतून क्रोमचा मुलामा आहे. राजस्थानची वाळू, ईशान्येचा पाऊस आणि सियाचिनची थंडी एकाच रायफलीने सोसायची, तर दुसरा पर्याय सुचणे कठीणच होते.

क्रोमला खरा प्रतिस्पर्धी आला तो नायट्रायडिंगचा. भोसरी-चाकणच्या पट्ट्यात क्रँकशाफ्ट आणि गिअरवर काम करणाऱ्यांना हा शब्द ओळखीचा आहे. यात वरून काही चढवायचे नसते. पोलाद साडेपाचशे-पावणेसहाशे अंशांच्या क्षारांच्या रसात किंवा अमोनियाच्या वायूत ठेवले की नायट्रोजनचे अणू त्याच्या अंगात मुरतात, जसे लोणच्याच्या फोडीत मीठ मुरते. वरचे दहा-वीस मायक्रॉन लोखंडाच्या नायट्राइडचे होतात आणि त्याखाली बऱ्याच खोलीपर्यंत कठीणपणा उतरत जातो. जर्मनीत क्रुपच्या कारखान्यात आडोल्फ फ्राय यांनी 1920 च्या दशकात या विद्येला आकार दिला, आणि 1980 च्या दशकात ऑस्ट्रियाच्या ग्लॉक पिस्तुलाने ती शस्त्रांच्या जगात घरोघर नेली. थर बाहेरून आलेला नसल्याने सोलून निघण्याचा प्रश्न येत नाही. नळीचे माप जवळजवळ बदलत नाही, कंगोऱ्यांच्या कडा तशाच धारदार राहतात, म्हणून नेमबाज खूश. आणि एकाच बुडवणीत बाहेरचे आणि आतले, दोन्ही अंगे तयार होतात. त्यातच शेवटी ऑक्सिडीकरणाचा एक हात दिला की काळा रंगही येतो आणि गंजाविरुद्धची ताकद ब्ल्यूइंगच्या कितीतरी पट.

मग सैन्ये क्रोम का सोडत नाहीत? उत्तर आगीत आहे. नायट्राइड कितीही कठीण असले तरी त्याखालचे आणि त्यातले द्रव्य लोखंडच. नळी लालबुंद होईपर्यंत सलग मारा केला की तो थर विस्कटू लागतो आणि खालचे पोलाद मऊ पडते. क्रोम त्या तापमानाला डगमगत नाही. शिकारीला, पोलिसाला, नेमबाजाला, दिवसाला शे-दोनशे गोळ्या झाडणाऱ्या कुणालाही मी नायट्रायडिंगच सुचवीन. मशीनगनसारखी आग ओकणाऱ्या नळीला क्रोमच हवे.

क्रोमची किंमत मात्र रायफल बाळगणारा मोजत नाही, हौदाशी उभा असलेला कामगार मोजतो. मुलाम्याच्या द्रावणातले क्रोमियम षट्‌संयुज असते. त्याच्या बारीक फवाऱ्याने नाकाचा पडदा झिजून त्याला भोक पडते, हे एकोणिसाव्या शतकापासून ठाऊक आहे, आणि ते फुप्फुसाच्या कर्करोगाला कारण होते हेही आता निर्विवाद आहे. युरोपीय संघात 2017 पासून क्रोमियम ट्रायऑक्साइड विशेष परवानगीशिवाय वापरता येत नाही. अमेरिकन लष्कराच्या वॉटरव्हलिएट इथल्या प्रयोगशाळेत तोफांच्या नळ्यांसाठी टँटॅलमच्या थरावर बरेच काम झाले आहे. टँटॅलम तीन हजार अंशांपलीकडे वितळते. पण ते दोन रूपांत बसते, त्यांतले एक ठिसूळ असते आणि तेच नको असताना बसते. या कामाला लवकर यश यावे असे मनापासून वाटते, कारण नळी वाचवण्यासाठी माणसाचे फुप्फुस खर्ची घालणे हा न्याय नव्हे.

आणि या सगळ्या विद्येपासून दूर, सिंधुदुर्ग-रत्नागिरीतल्या वाड्यांवर आजही शेतीसंरक्षणाच्या परवान्याच्या ठासणीच्या बंदुका आहेत. भाताच्या मळणीपर्यंत रानडुकरांना हाकलायला त्या निघतात. त्यांच्या नळीत क्रोम नाही, नायट्राइड नाही, बाहेरचा काळा थरही हातांनी पुसून गेलेला. काळी दारू जळली की निम्म्याहून जास्त राख मागे राहते, आणि ती पोटॅशियमच्या क्षारांची, ओल ओढणारी. समुद्र हाकेच्या अंतरावर. अशी बंदूक गंजू नये म्हणून करायचे ते इतकेच: बार काढल्यावर त्याच दिवशी चुलीवर पाणी उकळायचे, नळी उभी धरून तोंडातून ओतायचे आणि बुडाच्या छिद्रातून काळे पाणी निघते तोवर ओतत राहायचे. ते स्वच्छ यायला लागले की थांबायचे. नळी हाताला चटका देण्याइतकी तापलेली असते, तोंडातून वाफ निघत असते. वाफ थांबली की आत कोरडे झाले असे समजायचे आणि फडक्याला तेल लावायचे.